लिफ्टसाठी सुटे

येरेवानहून सुटलेल्या रात्रीच्या गाडीत
समोरच्या बर्थवर सिरानुश होती.
वानाद्झोरला उतरताना, अडीचच्या सुमारास,
तिनं माझ्या मांडीवर एक बरणी ठेवली:
जर्दाळूचा मुरंबा, झाकणावर फडकं, फडक्याला दोरा,
आणि तिकिटाच्या पाठीवर पत्ता.
बहीण. तिबिलिसी. तू तिकडेच चाललीयस.
मला रशियनमधले फक्त आकडे येतात,
बाकी तिच्या हातांवरून समजलं.
नाही म्हणायला शब्द लागतो,
तो सापडेपर्यंत गाडी हलली.

सीमेवरच्या शिपायानं बरणी दिव्याजवळ धरली, हलवली.
पाकात फोडी सावकाश फिरल्या.
आम्ही दोघंही बघत राहिलो.
मग त्यानं पासपोर्टावर शिक्का मारला.

माझ्याकडे यादी होती.
किल्ला, गंधकाची न्हाणीघरं, पुलापाशी भरणारा जुन्या वस्तूंचा बाजार.
पत्ता मी सगळ्यात खाली लिहिला
आणि बरणी पाठीवर घेऊन किल्ला चढायचा विषय
गुडघ्यांपुढे काढला.
पत्ता वर गेला.

स्टेशनखाली मेट्रो, मेट्रोच्याही खाली तो सरकता जिना,
इतका लांब की एक मुलगा पायरीवर बसून
गणित सोडवतोय, आणि उत्तर येईस्तोवर जमीन येत नाही.
पाट्यांवरची अक्षरं म्हणजे उन्हात घातलेल्या कुरडया.
मी नावं वाचलीच नाहीत, स्टेशनं मोजली.
चौथं.

पुढे चढावर मिनीबस.
दाराजवळच्या शाळकरी मुलीनं एक शब्द दिला:
गामीचेरेत. माझ्यासाठी थांबवा.
मी तो घोकत बसले, पाढ्यासारखा,
आणि उतरायची वेळ आली तेव्हा
तोंडातून "गाजर"च्या आसपासचं काहीतरी निघालं.
ड्रायव्हर ढिम्म.
मग मागच्या म्हाताऱ्यानं आरोळी दिली,
मग कोथिंबिरीची जुडी धरलेल्या बाईनं,
मग अख्ख्या गाडीनं, माझ्या वतीनं,
आणि ब्रेक असा लागला
की माझ्या आधी बरणी उठून उभी राहिली.

सोळा मजली इमारत. लिफ्टमध्ये पत्र्याचा डबा, डब्याला फट.
वीस तेत्री टाका, मग ती हलते.
माझ्याकडे दहा लारीची नोट.
मी ती फटीला दाखवून पाहिली. लाज नको, दाखवली खरी.
तेवढ्यात एक गृहस्थ आले, नाणं टाकलं,
माझ्याकडे न बघता भुवया उंचावल्या.
"द्येव्यत," मी म्हणाले. नऊ.
आयुष्यात एवढ्या रुबाबात मी आकडा म्हटला नव्हता.
(ते तेराव्यावरचे ओतार. कुणाशी बोलत नाहीत, हे नंतर कळलं.)

दार साखळीएवढंच उघडलं.
अरुस्याकनं माझ्याआधी बरणी पाहिली.
"पुन्हा," ती म्हणाली, इंग्लिशमध्ये,
तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या कडक इंग्लिशमध्ये.
कपाटात चार बरण्या. दोरे तसेच, गाठी तशाच.
पहिली एका विद्यार्थ्यानं आणलेली, दुसरी ट्रकवाल्यानं,
एक कुणीतरी दाराबाहेर ठेवून पळालं.
"साखर जास्त घालते. आईही घालायची."
"उघडल्याशिवाय कसं कळलं?" मी विचारलं.
तिनं चहा ओतला. कपभर शांतता.

मग, खिडकीकडे बघत:
"डब्यात अजून थंडी वाजते?"
वाजते.
"वानाद्झोरला किती वाजता पोचते?"
उलट येताना ठाऊक नाही, मी म्हणाले, माझी तर अडीचला होती.
"अडीचला कोण उतरतं," ती म्हणाली,
आणि पाचवी बरणी चौघींत न ठेवता
टेबलावरच राहू दिली, मिठाशेजारी.

निघताना मुठीत दोन नाणी कोंबली.
एक खाली जायला.
दुसरं?
"किल्ला बघून झाला की वर कशी येशील?
रात्री काय स्टेशनवर बसणार आहेस?"